पाहुण्या संघाचे तिकीट: मागणीची मीमांसा

फुटबॉलच्या तिकिटाला मागणी किती, हे आपण बहुधा एकाच खुणेवरून ठरवतो: मैदान भरले की नाही. एखादा नामवंत परदेशी संघ आपल्याकडे खेळायला येतो तेव्हा ही खूण फसवी ठरते. त्या दिवशी सगळे जण एकाच दाराने आत जातात, पण प्रत्येकाने विकत घेतलेली वस्तू वेगळी असते. ती वेगळी करून पाहिल्याशिवाय तिकिटाचा भाव, काळाबाजार, रिकाम्या खुर्च्या आणि प्रेक्षकांचा संताप यांतल्या कशाचाच उलगडा होत नाही.

हा प्रश्न रत्नागिरीतून तपासायला विशेष सोयीचा आहे. इथे व्यावसायिक संघ नाही. मारुती मंदिरच्या शिवाजी स्टेडियमवर आशियाई स्पर्धेचा सामना होण्याची शक्यता नाही. दक्षिणेला कोकण रेल्वेने मडगाव, उत्तरेला नवी मुंबई, आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर. म्हणजे रत्नागिरीचा चाहता कुठल्याही मैदानावर बाहेरगावचाच असतो. मडगावात किंवा मुंबईत जे घटक एकमेकांत मिसळून जातात, ते त्याच्या निर्णयात सुटे दिसतात.

दोन उदाहरणे समोर ठेवू. २०२३ साली एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटी एफसी आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल एकाच गटात आले. अल हिलालने नुकतेच नेमारला घेतले होते. मुंबई सिटीने त्या स्पर्धेची सुरुवात पुण्याच्या बालेवाडीत केली होती, पण हा सामना खूप मोठ्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारचा गुडघा दुखावला आणि ६ नोव्हेंबरला अल हिलाल त्याच्याविना नवी मुंबईत उतरला. सामना त्यांनी २-० असा जिंकला.

दुसरे उदाहरण २०२५ चे. एफसी गोवाने १३ ऑगस्टला मडगावच्या फातोर्डा मैदानावर ओमानच्या अल सीबला २-१ असे हरवून एएफसी चॅम्पियन्स लीग टूमध्ये प्रवेश मिळवला. दोनच दिवसांनी गट जाहीर झाले आणि गोव्याच्या वाट्याला अल नासर, म्हणजेच क्रिस्तियानो रोनाल्डोचा संघ आला. अल नासरमध्ये सादियो माने, जुआँव फेलिक्स आणि किंग्स्ली कोमानही होते, पण चर्चा एकाच नावाची झाली. सामना २२ ऑक्टोबरला, ऐन दिवाळी पाडव्याला होता. रोनाल्डो येणार नाही हे सामना तोंडावर आल्यावर स्पष्ट झाले. अल नासरने २-१ असा विजय मिळवला. गोव्याचा एकमेव गोल ४१व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने केला.

या दोन्ही सामन्यांच्या मागणीत तीन थर होते. पहिला थर यजमान संघाच्या निष्ठावंतांचा. समोर कोणीही असो, ते येतात. दुसरा थर पाहुण्या संघाच्या चाहत्यांचा. हा थर भारतात नगण्य असतो असे मानले जाते, पण कोकणाच्या बाबतीत ते पूर्ण खरे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत आणि अशा घरांत अल हिलाल, अल नासर ही नावे रोनाल्डोने आणलेली नाहीत. तिसरा आणि सर्वांत जाड थर ताऱ्याला एकदा डोळ्यांनी पाहू इच्छिणाऱ्यांचा. त्याला सामन्याचा निकाल गौण असतो, कधी कधी संघसुद्धा.

पहिल्या आणि तिसऱ्या थराचा स्वभाव अगदी वेगळा. भाव वाढला तर निष्ठावंत कुरकुरतो, तरी येतो. मात्र तो दरवेळी येत असल्यामुळे त्याच्या वर्षभराच्या खर्चावर ताण पडतो आणि एका मर्यादेनंतर तो कायमचा तुटतो. ताऱ्याच्या चाहत्याला एकदाच पैसे मोजायचे असतात, म्हणून चढा भाव त्याला फारसा अडवत नाही. ताऱ्याची गैरहजेरी मात्र त्याची मागणी एका बातमीसरशी कोसळवते. अर्थशास्त्राच्या भाषेत, निष्ठावंताची मागणी दीर्घ मुदतीत भावाला लवचीक आणि ताऱ्याच्या चाहत्याची अल्प मुदतीत भावाला ताठर असते. तिकिटाचा भाव ताऱ्याच्या चाहत्याकडे पाहून ठरवला तर निष्ठावंत मरतो. आयोजक हे हमखास विसरतात.

कोल्हापूर याच्या अगदी उलट टोकाला आहे. पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमची गर्दी कोणा ताऱ्यासाठी येत नाही. ती पेठेची, तालमीची गर्दी असते. आज परदेशी खेळाडूही तिथे खेळतात, तरी तिकीट घेणारा माणूस त्या खेळाडूसाठी नव्हे, मंडळासाठी पैसे मोजतो. तिथे पहिला थरच जवळजवळ संपूर्ण मागणी असतो आणि म्हणून ती मागणी वर्षानुवर्षे टिकते.

क्रीडा अर्थशास्त्रात एक जुना सिद्धांत आहे. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ साली बेसबॉलच्या संदर्भात तो मांडला आणि वॉल्टर नील यांनी १९६४ साली पुढे नेला: निकाल जितका अनिश्चित, तितकी सामन्याची गोडी जास्त. बलाढ्य मुष्टियोद्ध्यालाही कमाईसाठी तोलाचा प्रतिस्पर्धी लागतो, हे नील यांनी जो लुई आणि मॅक्स श्मेलिंग यांच्या जोडीवरून दाखवले. फातोर्ड्याचा सामना या सिद्धांतात बसत नाही. अल नासर जिंकणार याबद्दल फारसे कोणाचे दुमत नव्हते, तरी तिकिटाची ओढ अभूतपूर्व होती. माझ्या मते अशा सामन्यात अनिश्चितता नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. निकालाऐवजी ताऱ्याची हजेरी अनिश्चित होते. चाहता तिकीट नव्हे, एक शक्यता विकत घेतो. तिची किंमत मात्र शंभर टक्के खात्रीच्या हिशेबाने ठरते.

एकाच माणसाला एवढे मोल का, याचे उत्तर शेरविन रोझेन यांनी १९८१ च्या आपल्या निबंधात दिले. दूरचित्रवाणीसारखी साधने एका कलावंताला कोट्यवधींपर्यंत पोचवतात तेव्हा गुणवत्तेतला थोडासा फरक उत्पन्नात प्रचंड होतो. पुढे जेरी हाउसमन आणि ग्रेगरी लेनर्ड यांनी अमेरिकी बास्केटबॉलचा अभ्यास करून १९९७ साली दाखवले की मायकेल जॉर्डनमुळे त्याच्या स्वतःच्या संघाखेरीज इतर संघांना वर्षाला सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलरचा लाभ होत होता. म्हणजे पाहुणा तारा यजमानाच्या गल्ल्यात पैसे टाकतो. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये मेस्सीमुळे हेच घडले. १३ एप्रिल २०२४ रोजी कॅन्सस सिटीच्या संघाने मेस्सीच्या इंटर मायामीविरुद्धचा घरचा सामना आपले नेहमीचे मैदान सोडून ॲरोहेड स्टेडियमवर नेला आणि ७२,६१० प्रेक्षक आले.

आता अंतराचा मुद्दा. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तिकिटाच्या चर्चेत त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. आर्मेन आल्चियन आणि विल्यम ॲलन यांनी १९६४ च्या पाठ्यपुस्तकात एक नियम सांगितला: चांगल्या आणि साधारण मालावर वाहतुकीचा सारखाच खर्च बसत असेल, तर लांबच्या बाजारात चांगला माल तुलनेने स्वस्त पडतो. रत्नागिरीला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. हापूसची निवडक पेटी मुंबईला आणि परदेशात जाते, डागी फळ गावातच संपते.

तिकिटाला हा नियम लावून पाहू. समजा गोव्याच्या साध्या लीग सामन्याचे तिकीट ३०० रुपये आणि बड्या पाहुण्याच्या सामन्याचे ३,००० रुपये आहे. मडगावच्या माणसाला दुसरे दहापट महाग. रत्नागिरीहून जाणे-येणे, रात्रीचा मुक्काम आणि जेवणखाण मिळून आणखी ३,००० रुपये धरले, तर इथल्या माणसाला तेच दोन सामने ३,३०० आणि ६,००० रुपयांना पडतात. फरक दुपटीहूनही कमी. साहजिकच तो साधा सामना सोडतो आणि बड्या सामन्याला जातो, गेलाच तर बरी खुर्चीही घेतो. त्याला 'संधीसाधू प्रेक्षक' म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. अंतराने त्याच्यासमोर ठेवलेल्या भावांत तोच निर्णय शहाणपणाचा असतो.

अंतराची दुसरी करामत वेळेची आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. २२ ऑक्टोबरच्या गाडीचे आरक्षण ऑगस्टमध्येच खुले झाले, आणि दिवाळीत कोकण रेल्वेची प्रतीक्षा यादी काय असते हे इथे कोणाला सांगायला नको. सामना संध्याकाळी सव्वासातला, संपेपर्यंत रात्रीचे सव्वानऊ. म्हणजे पाडव्याची रात्र घराबाहेर. रेल्वेचा निर्णय दोन महिने आधी, मैदानाच्या तिकिटाचा त्यानंतर कधीतरी आणि ताऱ्याचा निर्णय अगदी शेवटी. तारा येणार नसल्याची बातमी ऐकून गोव्याचा माणूस फार तर तिकिटाच्या पैशाला मुकतो. रत्नागिरीच्या माणसाचा गाडीचा, मुक्कामाचा आणि सुट्टीचा खर्च त्याआधीच होऊन गेलेला असतो. धोका सर्वांत जास्त त्याच्या पदरात आणि माहिती सर्वांत उशिरा त्याच्याच हातात.

मग भाव कसा ठरवावा? फातोर्ड्यात सुमारे १९ हजार माणसे बसतात. मागणी कितीही वाढली तरी एक खुर्चीही वाढत नाही. भाव मागणीच्या खाली ठेवला तर मधला फरक काळाबाजारवाला खातो. मागणीइतका वर नेला तर विद्यार्थी, मिरकरवाड्याच्या बंदरावरचा पोरगा आणि रोजचा निष्ठावंत बाहेर राहतात. इंग्लंडमध्ये या पेचातून काही वाटा काढल्या आहेत. तिथे बरेच क्लब पाहुणा कोण यावरून सामन्याची वर्गवारी करून भाव बदलतात, पण पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी जागा राखीव असतात आणि प्रीमियर लीगमध्ये २०१६-१७ पासून त्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. फुटबॉलचे तिकीट परवानगीविना पुन्हा विकणे तिथे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे नावावरचे तिकीट आणि मूळ भावातच परतविक्रीची अधिकृत सोय, एवढे केले तरी मोठा फरक पडेल.

भावापेक्षाही विश्वासाचा प्रश्न मोठा आहे. २६ जुलै २०१९ रोजी सोलमध्ये युव्हेंटसच्या सामन्यात रोनाल्डो किमान ४५ मिनिटे खेळेल अशी जाहिरात झाली होती. तो बाकावर बसून राहिला. पुढे न्यायालयाने आयोजकाला प्रेक्षकांना भरपाई द्यायला लावली. ४ फेब्रुवारी २०२४ ला हाँगकाँगमध्ये मेस्सी मैदानात उतरला नाही, तिथे आयोजकाला निम्मे पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली. १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्यात मेस्सी आला खरा, पण मान्यवरांच्या गराड्यात थोडा वेळ थांबून निघून गेला. महागडी तिकिटे काढून बसलेल्यांना तो धड दिसलाही नाही. खुर्च्या मोडल्या, बाटल्या भिरकावल्या गेल्या, मुख्य आयोजकाला अटक झाली. मोडतोडीचे समर्थन करता येणार नाही. पण विकलेली वस्तू आणि हाती आलेली वस्तू वेगळी होती, हा त्या प्रेक्षकांचा दावा खरा होता.

मागणी केवळ भावाने हलत नाही याचा उत्तम पुरावा आपल्याच राज्यात आहे. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी सुनील छेत्रीने हात जोडून लोकांना मैदानात येण्याची विनंती केली. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. ना तिकीट स्वस्त झाले, ना परदेशी तारा आला. आपल्या येण्याला किंमत आहे हे कोणीतरी मनापासून सांगितले, एवढेच घडले.

याउलट २०२५ च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा नवा हंगामच स्थगित झाला होता. ज्या काळात गोव्याच्या चाहत्याला घरच्या लीगचा सामना मिळत नव्हता, त्याच काळात अल नासरच्या तिकिटाची चर्चा देशभर होती. हा फुटबॉलच्या लोकप्रियतेचा पुरावा म्हणून मिरवला गेला. मला ते मान्य नाही. पहिला थर उपाशी ठेवून तिसऱ्या थराची गर्दी मोजणे म्हणजे खेळाची वाढ नव्हे.

तेव्हा बड्या पाहुण्याची तिकिटे आधी हंगामभर येणाऱ्यांना मिळावीत. तारा खेळण्याची हमी आहे की नाही, हे विक्रीपूर्वी लिहून जाहीर व्हावे. बाहेरगावच्या प्रेक्षकासाठी काही जागा रेल्वे आरक्षणाच्या मुदतीआधी विक्रीला याव्यात. या तिन्ही गोष्टी क्लबांच्या हातातल्या आहेत. आपल्या हातात आहे ते असे: रत्नागिरीतल्या फुटबॉलप्रेमींनो, वर्षातून एकदा तरी कोणी बडा पाहुणा नसताना मडगावची गाडी पकडा, किंवा घाट चढून शाहू स्टेडियमवर जा. ज्या ब्रायसन फर्नांडिसने अल नासरवर गोल केला, त्याला पाहायला तिकीट सहज मिळते.