चिठ्ठ्यांच्या वर्गवारीसाठी माणसे किती?

नवीन नळजोडणी हवी असलेल्या नागपूरकराने अर्ज कोठे करावा? पाणीपुरवठा महापालिकेचा, पण त्याचे संचालन २०१२ मध्ये ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे सोपविण्यात आले. भूखंड आणि ले-आउटच्या कामात १९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाचा संबंध, विजेसाठी महावितरण, तर जन्म-मृत्यूच्या दाखल्यांसाठी पुन्हा महापालिका. कार्यालयांची ही विभागणी नागरिकाच्या मनात असतेच असे नाही. या सर्व सेवांसाठी एकच संकेतस्थळ उभारायचे झाले, तर त्याची मांडणी खात्यांप्रमाणे करावी की लोकांच्या समजुतीप्रमाणे? चुकीच्या मांडणीची किंमत नागरिकालाच मोजावी लागते. सेवा सापडली नाही, की तो पुन्हा रांगेत उभा राहतो किंवा दलाल गाठतो.

पद्धत काय आहे?

लोकांची समजूत जाणून घेण्याची एक सोपी पद्धत म्हणजे ‘कार्ड सॉर्टिंग’, अर्थात चिठ्ठ्यांची वर्गवारी. ‘मालमत्ता कर भरणे’, ‘जन्म दाखला’, ‘वीजबिलावरील नावात बदल’ अशी एकेक सेवा एकेका चिठ्ठीवर लिहितात. सहभागी व्यक्ती एकमेकींशी जुळणाऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करते आणि प्रत्येक गठ्ठ्याला स्वतःच्या शब्दांत नाव देते. कोणत्या दोन चिठ्ठ्या किती जणांनी एकत्र ठेवल्या, याची मोजणी करून मांडणी ठरवितात. चाळीस चिठ्ठ्या असतील, तर अशा जोड्या तब्बल ७८० होतात.

पाच जण का पुरत नाहीत?

तयार संकेतस्थळाच्या चाचणीत पाच जणांकडून बहुतेक त्रुटी उघड होतात, असे याकोब नील्सन यांचे प्रसिद्ध प्रतिपादन आहे. वर्गवारीला मात्र हा नियम लागू पडत नाही. चाचणीत समोर ठेवलेल्या वस्तूतील दोष शोधायचे असतात आणि ठेच लागण्याच्या जागा बहुतेकांच्या सारख्याच असतात. येथे वस्तू अजून घडायची असते आणि माणसामाणसांच्या मनातील मांडणी वेगवेगळी असते. शिवाय साधा हिशेबही आहे. पाच जणांत एकाचे मत फिरले, तर टक्केवारी २० अंशांनी हलते. पंधरा जणांत ती सुमारे सात अंशांनी आणि तीस जणांत जेमतेम तीन अंशांनी हलते.

या प्रश्नावर टॉम टुलिस आणि लॅरी वुड यांचा २००४ मधील अभ्यास आधारभूत मानला जातो. अमेरिकेतील फिडेलिटी इन्व्हेस्टमेंट्स या वित्तसंस्थेतील १६८ जणांनी ४६ चिठ्ठ्यांची वर्गवारी केली. त्यांतून लहान लहान गट यदृच्छेने निवडून त्यांचे निष्कर्ष संपूर्ण गटाच्या निष्कर्षांशी ताडून पाहण्यात आले. पाच जणांच्या गटाचा सहसंबंध ०.७५ भरला, पंधरा जणांचा ०.९०, तर तीस जणांचा ०.९५. पंधरापर्यंत चढण झपाट्याची आहे. त्यापुढे माणसे दुप्पट करूनही अल्पच लाभ होतो. टुलिस आणि वुड यांनी २० ते ३० जणांची शिफारस केली. नील्सन यांनी खर्चाचा विचार करून १५ पुरेसे मानले.

संख्येपेक्षा निवड महत्त्वाची

तथापि ही संख्या एकजिनसी गटासाठी आहे, हे विसरून चालणार नाही. फिडेलिटीचे सहभागी एकाच संस्थेतील होते. शहर तसे नसते. इतवारीतील व्यापारी, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी, बेसा-मनीषनगरकडील नवा सदनिकाधारक आणि हिंदीतच व्यवहार करणारे कुटुंब यांची समजूत एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. समजा, सर्व घरमालकांनी ‘पाणीपट्टी’ची चिठ्ठी करांच्या गठ्ठ्यात ठेवली आणि सर्व भाडेकरूंनी नळजोडणीसोबत. दोन्ही गट सारखेच असतील, तर एकत्रित निष्कर्ष पन्नास टक्के येईल आणि ती सरासरी कोणाचेच मत सांगणार नाही. म्हणून जेथे असा भेद संभवतो, तेथे प्रत्येक गटातून सुमारे पंधरा जण घेऊन त्यांचे निष्कर्ष आधी स्वतंत्रपणे पाहणे इष्ट. खात्यातीलच तीस कर्मचारी बसविले, तर संख्या भरते. पण हाती येते ती खात्याचीच मांडणी.

चिठ्ठ्यांवरील शब्दांबाबतही दक्षता हवी. चार चिठ्ठ्यांवर ‘कर’ हा शब्द असेल, तर लोक अर्थ न पाहता शब्द जुळवितात. हा दोष माणसे वाढवून जात नाही. उलट चुकीचा निष्कर्ष अधिक ठाम वाटू लागतो.

निर्णय कसा घ्यावा?

प्रथम निरनिराळे गट ठरवावेत. प्रत्येकातून पंधरा जण मिळतील असे पाहावे आणि ऐनवेळी न येणाऱ्यांसाठी दोन-तीन जादा बोलवावेत. मते फारच विखुरलेली दिसली, तर संख्या तिसापर्यंत न्यावी. त्यापुढचा खर्च तयार झालेली मांडणी नव्या लोकांकडून तपासून घेण्यात सार्थकी लागतो. ‘नळजोडणीचा अर्ज शोधा’ असे सांगितल्यावर एखाद्या आजोबांचे बोट योग्य जागी पडते की नाही, ही या साऱ्या खटाटोपाची खरी परीक्षा होय.