शालेय वयातील उच्च संगीतशिक्षण (जालना जिल्हा)

माध्यमिक शाळेत शिकत असतानाच शास्त्रीय गायन किंवा वादनात मध्यमा अथवा त्यापुढची पायरी गाठण्यासाठी केलेला अभ्यास. जालना जिल्ह्यात हा अभ्यास शाळेच्या वेळापत्रकात क्वचितच सापडतो. शाळेत पेटी निघते ती प्रार्थनेला, स्वागतगीताला आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीला. राग शिकायचा तो संध्याकाळच्या क्लासात, गुरुजींच्या घरी. शाळेचा हात लागतो तो दहावीच्या वर्षी, वाढीव गुणांचा प्रस्ताव पाठवताना.

परीक्षांची चौकट मुख्यतः अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि अलंकार अशा या पायऱ्या. पाचवी-सहावीत प्रारंभिकला बसलेले मूल, मध्ये खंड पडला नाही तर, दहावीपर्यंत मध्यमा पूर्णच्या आसपास येते. खंड मात्र पडतोच. बहुधा नववीच्या शिकवण्या सुरू झाल्या की.

मध्यमाला अभ्यासाचा पोत बदलतो. छोटा ख्याल पाठ करून भागत नाही. विलंबित ख्यालात आवर्तन भरायचे असते. तोंडी प्रश्नही अवघड होतात. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत मध्यम-निषाद वर्ज्य, सूर तेच पाच. मग फरक कुठे? भूपात वादी गंधार, देशकारात धैवत, हे पुस्तकी उत्तर मुले धडाधड देतात. गाऊन दाखवायला सांगितले की देशकाराचा भूप होतो. एकतालाच्या बारा मात्रा हातावर म्हणताना पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर टाळी, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर खाली. एकपटीत हे जमते. दुप्पट मागितली की बोल पळतात आणि हात मागे राहतो.

मुलांपुढे आणखी एक अडचण असते आणि तिचा उल्लेख अभ्यासक्रमात नाही. आवाज फुटण्याचे वय आणि मध्यमाचे वय एकच. काल काळी चारमध्ये खुला गाणारा मुलगा वर्षभरात काळी एकवर उतरतो, मधले काही महिने तार षड्जाला नुसती हवा येते. जाणता शिक्षक या काळात खर्जाचा रियाज देतो, पलटे हळू घेतो, परीक्षा एक सत्र पुढे ढकलतो. घाईचा शिक्षक मूळच्याच पट्टीत गाऊन घेतो आणि गळा बिघडवतो.

जिल्ह्याची सांगीतिक जमीन मात्र कोरडी नाही. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने शास्त्रीय संगीताचा उत्सव भरतो. गावोगावच्या भजनी मंडळांत टाळ-पखवाजाच्या मांडीला मांडी लावून बसलेली मुले लयीला पक्की असतात. आठ मात्रांचा भजनी ठेका त्यांच्या अंगातच असतो. सम म्हणजे काय हे न सांगता त्यांना ती सापडते. त्यांना शिकावे लागते ते गप्प राहणे: विलंबितात दोन मात्रांमधली रिकामी जागा सहन करणे. शहरातल्या क्लासमधल्या मुलांचे नेमके उलटे असते, लिपी तोंडपाठ आणि लय डळमळीत.

संगीतातील गुणांचा लाभ राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालात मिळतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या किमान तीन परीक्षा उत्तीर्ण असल्यास काही गुण, पाच असल्यास अधिक. शाळेने प्रमाणपत्रे जोडून प्रस्ताव छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. या सवलतीने क्लासांत गर्दी वाढली आणि तिने नुकसान केले असे सरसकट म्हणता येत नाही. गुणांसाठी आलेल्यांतलेच काही पुढे यमन सोडवत नाही म्हणून थांबतात.

अकरावी-बारावीला राज्य मंडळाच्या विषययादीत शास्त्रीय गायन आणि वाद्यसंगीत आहेत. कागदावरच्या या विषयांना शिक्षक मिळणे ही वेगळी गोष्ट, म्हणून विषय निवडणाऱ्याला अनेकदा जिल्ह्याबाहेर पाहावे लागते. जवळचे ठिकाण संभाजीनगर. नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले नाथराव नेरळकर (निधन २०२१) यांनी तिथल्या सरस्वती भुवन महाविद्यालयात शिकवले आणि मराठवाड्यातल्या पुष्कळ शिक्षकांची गुरुपरंपरा त्यांच्यापाशी पोहोचते. जालन्याहून तिकडे जाणारी रेल्वे आणि एसटी दोन्ही आहेत. तानपुरा आता मोबाइलमध्ये मावतो, तबल्याची जोडी मात्र मांडीवर घेऊनच बसावे लागते.