चिप गार होते, खोली तापते

डहाणू तालुक्यातल्या कैनाडमध्ये मे महिन्याच्या दुपारी एखादा विद्यार्थी संगणकावर खेळ खेळतो आहे, अशी कल्पना करू. थोड्या वेळाने पंखा घोंघावू लागतो, पडद्यावरचे चित्र अडखळते. आपण म्हणतो, ‘ग्राफिक्स कार्ड तापले.’ पण ही उष्णता येते कुठून आणि जाते कुठे?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा भारतात घडवलेला संगणक काम करू लागला. आलेख व अक्षरे दाखवणारा पडदाही त्याला जोडलेला होता. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. प्रत्येक नलिकेतली तार दिव्यातल्या तारेसारखी तापवावी लागे. म्हणजे गणित सुरू होण्याआधीच उष्णता तयार!

ट्रान्झिस्टर आले आणि ही तार गेली. उष्णता मात्र राहिली. चिपमधला ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना विद्युतभार भरतो व सोडतो. ती ऊर्जा अखेर उष्णताच होते. तिचे प्रमाण वारंवारितेबरोबर आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते. ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही उतरवले, तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही, हे रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले. या सवलतीवर सुमारे तीस वर्षे निभावली. पुढे व्होल्टेज फारसे उतरेना, ट्रान्झिस्टर मात्र वाढत राहिले.

१९९९ च्या ‘जीफोर्स २५६’ कार्डाला एक छोटा पंखा पुरे. २०२२ चे ‘आरटीएक्स ४०९०’ ४५० वॅटपर्यंत वीज घेते. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ महासंगणकात तर उष्णता वाहून नेण्यासाठी द्रव खेळवावा लागला.

पाती, पंखा, पाणी यांपैकी काहीही उष्णता नष्ट करत नाही. फक्त दुसरीकडे नेते. एखादे कार्ड खोलीपेक्षा ४५ अंशांनी गरम राहत असेल, तर २० अंशांच्या खोलीत ते ६५ अंशांवर राहील, ३५ अंशांच्या खोलीत ८० वर. मर्यादा जवळ आली की चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणून चित्र अडखळते.

तेव्हा महागड्या पंख्याआधी खिडकी उघडावी, पात्यांतली धूळ काढावी, दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या मर्यादित करावी. त्याच वेगाला व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवता आले, तर ट्रान्झिस्टरच्या चालू-बंद होण्यातली उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते. ०.९ चा वर्ग करून पाहा.

आणि वर्गात एक प्रश्न जरूर विचारा : दारे-खिडक्या बंद ठेवून कार्डाला दुप्पट मोठा पंखा लावला, तर तासाभराने काय होईल?