अंगठी पडद्यावरची, दागिने घरातले

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या एका टोकाला धरणाची भिंत आहे, दुसऱ्या टोकाच्या डोंगरांत रतनगड. नावातच रत्न! प्रवरा तिथेच उगम पावते आणि खाली अकोल्याला अगस्ती ऋषींच्या आश्रमाजवळून जाते. रावणाला मारणारा बाण रामाला अगस्तींनी इथेच दिला, असं इथली माणसं सांगतात. या खोऱ्यात रामायण पोथीत नाही, परिसरात राहतं.

भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. त्याचं काम चालू होतं त्याच काळात इथून साधारण सत्तर किलोमीटरवर, नाशिकला, एक माणूस रामायण कॅमेऱ्यात पकडत होता. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. चित्रपट होता ‘लंकादहन’, साल 1917.

या मूकपटातला कळीचा प्रसंग एका दागिन्याचा आहे. अशोकवनात सीता एकटी बसलीय आणि समोर येतं एक वानर. रामाने पाठवलंय म्हणतं. पण ज्या लंकेत रावण साधूच्या वेषात फसवून घेऊन आला, तिथे विश्वास कुणावर ठेवायचा? हनुमान रामाची अंगठी पुढे करतो. मूकपटाला आवाज नाही, त्यामुळे हजार शब्दांचं काम त्या अंगठीनेच करायचं. ती अंगठी म्हणजे ओळखपत्र.

आता गंमत बघा. राम झाले होते अण्णा साळुंके आणि सीताही तेच! आपल्या सिनेमातला हा पहिला डबल रोल मानला जातो. म्हणजे अंगठी निघाली साळुंक्यांच्या बोटातून आणि पोचली साळुंक्यांच्याच हातात. 1913 सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं होतं. तरी सिनेमात उतरायला बायका सहजासहजी मिळत नव्हत्या. पडद्यावरची सीतासुद्धा पुरुषच.

प्रेक्षकांना त्याचं काहीच वाटलं नाही. पडद्यावर राम आला की लोक पायातल्या चपला काढत. तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते.

पण या पैशाच्या मुळाशी दुसरेच दागिने होते.

1912 साली फाळके विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले, तंत्र शिकले आणि कॅमेरा घेऊन परतले. चित्रपटासाठी मात्र हातात पैसा नव्हता. तेव्हा सरस्वतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आपले दागिने दिले. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहिला असेल तर हे घर तुम्हाला ओळखीचं वाटेल. आपण या प्रसंगाला ‘त्याग’ म्हणतो आणि पुढे जातो. जरा थांबू या. त्या काळच्या बाईच्या नावावर ना घर, ना जमीन, ना बँकेत खातं. अंगावरचं सोनं हीच काय ती तिची मालमत्ता, स्त्रीधन. उद्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं, तर पोरांना घेऊन उभं राहायला तेवढाच आधार. तो तिने एका अशा धंद्यात लावला, जो या देशात अजून सुरूच व्हायचा होता. याला आजच्या भाषेत गुंतवणूक म्हणतात, आणि तीही सगळ्यात जोखमीची.

शिवाय नुसते दागिने देऊन त्या बाजूला झाल्या नाहीत. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाईंनी केलं. फिल्म धुण्याची रसायनं त्या कालवत, चित्रीकरणात ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि वर सगळ्या चमूचा स्वयंपाक. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो या हातांवरून गेलेला होता. ‘लंकादहन’ त्याच पायावर उभा राहिला.

आज ‘लंकादहन’चे फक्त तुकडे उरलेत. जुनी नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते, नाहीतर पडून पडून सडते. लंका जाळणारा चित्रपटही त्यातून वाचला नाही.

त्या अंगठीने सीतेची खात्री पटवली, कारण तिच्यावर रामाचं नाव कोरलेलं होतं. सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर कुणाचंच नाव नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं, की दादासाहेबांनी पदरमोड करून सिनेमा उभा केला, तर एवढंच विचारा: पदर कुणाचा होता?