आईची अडचण आणि विनोबांचे वाचन

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५चा त्यांचा जन्म. आजोबा शंभुरावांची पूजा आणि आई रुक्मिणीबाईंच्या तोंडची संतांची पदे ऐकत ते वाढले. वडिलांची नोकरी बडोद्याला. पुढे कुटुंबही तिकडे गेले.

बडोद्याच्या शाळेत विनोबांनी दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली. आईची इच्छा मात्र त्यांनी संस्कृत शिकावे अशी होती. तिला स्वतःला गीता वाचायची होती, पण संस्कृत येत नव्हते. मुलाने वामन पंडितांचा गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद आणून दिला, तर तोही तिला अवघड गेला. तेव्हा तूच सोप्या मराठीत का लिहीत नाहीस, असे तिने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर द्यायला विनोबांना बरीच वर्षे लागली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईकडे निघालेला हा तरुण सुरतेला उतरला आणि काशीला गेला, तिथून गांधीजींच्या आश्रमात. पुढच्या वर्षी आश्रमातून रजा घेऊन तो वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी बसला. उपनिषदे, पातंजल योग, ब्रह्मसूत्रांवरचे शांकरभाष्य असे एकाहून एक कठीण ग्रंथ त्याने तिथे अभ्यासले. आई १९१८ साली वारली. ‘गीताई’ या गीतेच्या मराठी अनुवादाला सुरुवात झाली ती १९३०च्या ऑक्टोबरात. मराठीतला हा सोपेपणा मूळ ग्रंथाशी वर्षानुवर्षे झटून आलेला आहे.

इतर धर्मग्रंथांकडेही विनोबा असेच मुळातून वळले. कुराण त्यांनी आधी भाषांतरातून वाचले होते. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून वयाच्या चाळिशीत ते अरबी शिकले. वेल्लोरच्या तुरुंगात तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास केला. आसामच्या पदयात्रेत संतकवी माधवदेवांची ‘नामघोषा’ मूळ असमियातून वाचली. भूमिहीनांसाठी जमीन मागणाऱ्या भूदान चळवळीत ते ज्या माणसांच्या दारात उभे राहत, त्यांचे धर्मग्रंथ मूळ भाषेत वाचणे त्यांना अगत्याचे वाटे. हे वाचन त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. ‘कुराण-सार’, ‘ख्रिस्तधर्म-सार’, ‘नामघोषा-सार’ ही त्यांची संकलने त्यातूनच तयार झाली.

‘गीताई’ मराठी घराघरांत पोचली. ही सार-संकलने मात्र फार थोड्यांनी उघडली आहेत. गावोगावच्या वाचनालयांनी ती ‘गीताई’शेजारी ठेवावीत आणि वाचकांनी मागून न्यावीत.