आधी अंथरूण, मग बाळ

इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की आपण राजवाडे आणि रणांगणं यांची वाट पाहतो. आज आपण राजवाड्यातच जाणार आहोत, पण थेट झोपायच्या खोलीत.

जून १६८८. लंडनचा सेंट जेम्स राजवाडा. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याला मुलगा झाला. राजा कॅथलिक, आता गादीचा वारसही कॅथलिक होणार, हे पुष्कळांना नको होतं. अफवा उठली की हे मूल राणीचं नाहीच, अंथरूण तापवायच्या भांड्यात लपवून ते खोलीत आणलं! राजाला साक्षीदारांच्या जबान्या घ्याव्या लागल्या. वर्ष संपायच्या आत त्याला देश सोडून पळावंही लागलं. अफवा खोटी होती. पण आज आपल्याला राजापेक्षा त्या भांड्याशी काम आहे.

हे भांडं म्हणजे तांब्याचा किंवा पितळेचा झाकणाचा डबा आणि त्याला लांब लाकडी दांडा. आत निखारे घालायचे, थंडगार चादरींमधून भांडं फिरवायचं, अंथरूण तापलं की ते बाहेर काढायचं आणि मग झोपायचं. विस्तव आणि माणूस एकाच वेळी अंथरुणात नाहीत. हा क्रम लक्षात ठेवा, आजचं सगळं व्याख्यान त्याच्यावरच उभं आहे.

असं का करत? कारण सरळ आहे. खोली तापवायची तर ढीगभर लाकूडफाटा किंवा कोळसा लागतो, अंथरूण तापवायला मूठभर निखारे पुरतात. सगळं घर रात्रभर गरम ठेवायचं ही कल्पना अगदी अलीकडची. त्याआधी शतकानुशतकं लोकांनी घर नाही, अंथरूण गरम केलं. बचत हा त्यांचा छंद नव्हता, दुसरा इलाजच नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. निफाडला एखाद्या हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. आपल्या घरांना ना धुराडं, ना जाड भिंतींतली शेकोटी. मग आपण काय केलं? जुन्या लुगड्यांचे थर शिवून गोधडी केली, खाली घोंगडं अंथरलं. आणि बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली शेगडी ठेवली. वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. ओवा, वावडिंग यांची धुरी दिली. हे सगळं मायेपोटीच.

पण इथे तो क्रम मोडला. विस्तव खोलीतच राहिला आणि माणसंही. आमच्या मते आजच्या विषयातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे. फुललेल्या निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. १८५० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी दाखवलं की हा वायू रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. आज आपल्याला माहीत आहे की हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने माणसं दगावल्याच्या बातम्या आजही येतात. म्हणजे ज्ञान जुनं झालं, पण घरोघरी पोचलं नाही.

युरोपात पुढे विस्तवाची जागा पाण्याने घेतली. एकोणिसाव्या शतकात चिनीमातीच्या बाटल्या आल्या, मग रबरी पिशव्या. पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. प्राणिसंग्रहालयात अंडी उबवायची पेटी त्यांनी पाहिली आणि १८८० च्या सुमारास तशीच पेटी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी करून घेतली. ऊब गरम पाण्याची. पुढे तिचं साधं रूप निघालं, त्यात गरम पाण्याच्या बाटल्या दर काही तासांनी बदलायच्या. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर तिथे ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला. उबेत केवढी ताकद आहे, बघा!

पण पेट्या महाग, आणि सगळीकडे पुरेशा नाहीत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोता शहरात डॉ. एडगर रे यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच पुढे ‘कांगारू पद्धत’ म्हणून जगभर गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासात आपलं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. जन्मल्या जन्मल्या ही ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले. इंधनाचा खर्च शून्य.

आता कुणी म्हणेल, म्हणजे आजीचंच खरं! अर्धं खरं. छातीशी धरणारी आजी बरोबर होती. बाजेखाली शेगडी सरकवणारीही तीच होती, आणि तिथे ती चुकत होती. इतिहास वाचताना दोन्ही सांगावं लागतं.

आणखी एक वळण आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंड आणि ब्रिटनमधल्या संशोधकांना दिसलं की पालथी झोपवलेली, फार गुंडाळलेली, तोंडावर पांघरूण आलेली तान्ही मुलं झोपेत जास्त दगावतात. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणजे थंडीइतकाच जास्तीच्या उबेचाही धोका असतो.

तर मग आपण घरी काय करायचं? गरम पाण्याची पिशवी आधी अंथरुणात ठेवा, उकळतं पाणी भरू नका, आणि मूल झोपायच्या आधी ती काढून घ्या. रबर जुनं झालं, भेगा दिसल्या की पिशवी टाकून द्या. तान्ह्याच्या अंथरुणात ना पिशवी, ना विजेचं ब्लँकेट. जड गोधडीपेक्षा अंगात कपड्यांचे पातळ थर बरे. बाळाचं पांघरूण वेगळं, काखेपर्यंतच, कडा गादीखाली खोचलेल्या. कुंची बाहेर नेताना घाला, झोपताना डोकं मोकळं ठेवा. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. आणि शेगडी? ती बंद खोलीत कधीच नको.

राजवाड्यातल्या दासीला कार्बन मोनॉक्साइड माहीत नव्हता. पण भांडं बाहेर काढल्याशिवाय ती कुणाला अंथरुणात जाऊ देत नसे. आज रात्री आपल्या घरी तेवढा क्रम पाळला, तरी हे व्याख्यान कामी आलं असं आम्ही समजू.