विश्व एक कीं अनेक?

‘अनंत कोटि ब्रह्मांडें’ हे शब्द कीर्तनांतून सर्वांच्या कानांवरून गेलेले असतात. भक्तीला तेवढें पुरतें. शास्त्राला पुरावा लागतो. अनेक विश्वांच्या कल्पनेला असा पुरावा मिळूं शकेल काय, याचा विचार करतांना एका जुन्या वादाची हकीकत उपयोगी पडते.

आकाशांत कांहीं ठिकाणीं धुरकट तेजोमेघ दिसतात. देवयानी तारकासमूहांतील मेघ तर नुसत्या डोळ्यांनींहि दिसतो. असे मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखेच दूरचे स्वतंत्र तारकासंघ असावेत, असें जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनीं १७५५ सालीं प्रतिपादिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अनेक ज्योतिर्विद आकाशगंगा हेंच सारें विश्व समजत. म्हणून अशा संघांस ‘विश्वद्वीपें’ म्हणण्याचा प्रघात होता. परंतु मेघांचें अंतर मोजण्याचें साधन नसल्यामुळें दीडशें वर्षें ही केवळ कल्पनाच राहिली.

२६ एप्रिल १९२० रोजीं वॉशिंग्टन येथें दोन अमेरिकन ज्योतिर्विदांनीं हा प्रश्न विद्वत्सभेपुढें मांडला. हार्लो शॅप्ले यांच्या मतें आकाशगंगा सुमारें ३ लक्ष प्रकाशवर्षें रुंद असून हे मेघ तिच्याच परिवारांतले होते. हेबर कर्टिस यांनीं त्यांना स्वतंत्र विश्वें ठरविलें. दोघेहि जाणते, दोघांचेहि युक्तिवाद भक्कम. तरी निकाल लागला नाहीं.

निकालाची मोजपट्टी हार्वर्ड वेधशाळेंतील हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनीं आधींच करून ठेविली होती. १९१२ सालीं २५ रूपविकारी ताऱ्यांवरून त्यांनीं दाखविलें कीं, ताऱ्याची उजळण्या-मंदावण्याची फेरी जितकी लांब, तितकें त्याचें खरें तेज अधिक. दिव्याची वात केवढी हें ठाऊक असलें, म्हणजे त्याच्या मिणमिणण्यावरून तो किती दूर आहे हें कळतें, तसेंच हें.

ऑक्टोबर १९२३ मध्यें माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीनें घेतलेल्या देवयानी मेघाच्या छायाचित्रांत एडविन हबल यांना असाच तारा सांपडला. प्रथम त्यांनीं तो नवतारा समजून खूण केली. मग ती खोडून ‘रूपविकारी’ अशी नोंद केली. त्याची फेरी सुमारें ३१ दिवसांची होती. तीवरून अंतर निघालें सुमारें ९ लक्ष प्रकाशवर्षें. आजच्या मोजणीप्रमाणें तें २५ लक्ष आहे. शॅप्ले यांच्या विशाल आकाशगंगेंतहि तो मेघ मावेना. १ जानेवारी १९२५ रोजीं हा शोध विद्वत्सभेंत वाचला गेला. लेव्हिटबाई मात्र १९२१ सालींच निवर्तल्या होत्या.

आज या साऱ्या आकाशगंगा एकाच विश्वांत गणल्या जातात, आणि त्या विश्वापलीकडे इतर विश्वें आहेत काय, असा प्रश्न पुन्हां उभा आहे. विश्वाच्या आरंभीं झालेल्या अतिवेगवान प्रसरणाचे कांहीं सिद्धान्त तसें सुचवितात. बुडबुड्यांसारखीं असलेलीं तीं विश्वें एकमेकांवर आदळलीं असतील, तर त्याचा वण आकाश व्यापून राहिलेल्या आद्य प्रारणांत उमटला असावा. या तर्कानें डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नोंदी तपासून २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निश्चित पुरावा मिळाला नाहीं.

एवढ्यानें ती कल्पना खोटी ठरत नाहीं, आणि खरीहि ठरत नाहीं. देवयानीचा मेघ निदान दिसत तरी होता. इतर विश्वांचा प्रकाशहि येथवर पोंचत नसेल, तर त्यांच्या वणांवरच सारी भिस्त. १९२० चा वाद वक्तृत्वानें मिटला नाहीं. तो एका ताऱ्याच्या ३१ दिवसांच्या फेरीनें मिटविला. अनेक विश्वांच्या पुरस्कर्त्यांनीं तशी मोजतां येण्याजोगी खूण दाखवावी. तोंवर शास्त्रानें त्यांचें म्हणणें ऐकावें, पण निकाल राखून ठेवावा.